एवढंसंच विचारू?

ये, बस. दार ओढून घे, वारा आत येतोय. तुला तुझी गाडी काढायला अजून अवकाश आहे, आणि माझी माणसं अजून वरच्या मजल्यावरच आहेत. तोवर एक गोष्ट सांगतो. प्रेमाची आहे. हसतोस काय लेका? मिशा पांढऱ्या झाल्या म्हणून काय झालं, आरसा तर माझ्याच समोर आहे ना! मागच्या सीटवर काय शिजतंय ते ड्रायव्हरइतकं कुणाला दिसतं?

आणि ही गोष्ट अशी आहे, की सांगितली की माझं मलाच बरं वाटतं.

माझ्या गाडीतली माणसं कॉम्प्युटरवाली, सगळी एकाच टीमची. एका दवाखान्यासाठी काम करतात. पेशंटला आपला नंबर घरबसल्या मोबाईलवर दिसावा, बाकड्यावर ताटकळत बसायला लागू नये, असं काहीतरी बनवतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण रोज कानावर पडून पडून त्यांची बोलायची तऱ्हा मात्र अंगवळणी पडलीय.

त्यांच्यात एक मुलगा होता. उंच, खांदे पाडून बसणारा, आणि बोलायचं नाव नाही. सगळे त्याला घुम्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तो त्यावरही काही बोलायचा नाही. दुसरी एक मुलगी, तिचं काम म्हणजे बाकीच्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या. त्याचाच तिला पगार. तिचं नाव पडलं खुसपट. तिला ते नाव आवडायचं, पदवी मिळाल्यासारखं मिरवायची.

तर एका सकाळी, भुरभुर पाऊस होता, मी गाडी जवळजवळ सोडलेलीच, एवढ्यात एक मुलगी उलटी झालेली छत्री तशीच घेऊन पळत आली आणि दारावर थाप मारली.

"मामा, थांबा ना! पहिला दिवस आहे माझा. आजच उशीर झाला तर नाक कापलं जाईल!"

"चढा, चढा. नाक सांभाळून."

चढली. एकच जागा रिकामी होती, घुम्याच्या शेजारची. तिनं ती उलटी छत्री दोघांच्या मध्ये टेकवून ठेवली आणि सगळ्यांशी ओळखी करायला लागली. इकडं छत्रीतलं पाणी निथळतंय ते थेट घुम्याच्या बुटात. मी आरशातून बघतोय. हा पठ्ठ्या पाय मागं घेईना, बोलेना. नुसता बुटाकडं बघतोय, मग तिच्याकडं, परत बुटाकडं.

पुढच्या चौकात तिच्या लक्षात आलं. "अय्या! तुमच्या बुटात… अहो, सांगायचं ना!"

"तुमचं बोलणं चालू होतं."

"म्हणून बूट भरू दिलात?"

"एकच भरलाय," तो म्हणाला. "दुसरा कोरडा आहे."

ती जी हसली म्हणतोस… गाडीच्या काचा वाजल्या. आणि घुम्या? कानाच्या पाळ्या लाल. मी मनात म्हटलं, झालं. गेला हा कामातून.

ती त्या टीमची मास्तर म्हणून आली होती. स्क्रम मास्तर म्हणतात म्हणे. हातात छडी नाही, पुढ्यात फळा नाही. कुणाचं काम कुठं अडलंय ते विचारायचं आणि अडलेलं मोकळं करायचं. मी तिला मास्तरीण म्हणायला लागलो आणि तेच पडलं. त्यांची एक रोजची बैठक असते, उभ्यानं करायची. पाय दुखले की माणूस आटपतं घेतो, म्हणून उभ्यानं. रस्त्यात गर्दी लागली की ती बैठक माझ्या गाडीतच व्हायची, पण बसून. उभं राहिलं तर टप डोक्याला लागतं. प्रत्येकानं सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. घुम्याची पाळी आली की तो म्हणायचा, "केलं. करतोय. नाही." आटपलं! बाकीच्यांचं अर्धा रस्ता पुरायचं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना तिनं नवीनच टूम काढली. आठवडा कसा गेला ते बोलायचंच, पण त्याच्या आधी प्रत्येकानं कुणाला तरी थँक्यू म्हणायचं. उगीच नाही, कशाबद्दल ते सांगून. पहिल्या शुक्रवारी सगळे लाजून एकमेकांकडं बघायला लागले, तशी तीच म्हणाली, "मी मामांना थँक्यू म्हणते. खड्डा आला की मामा आधी आवाज देतात, म्हणून माझ्या बाबांची औषधाची बाटली आज फुटली नाही."

दोस्ता, इतकी वर्षं गाडी हाकतोय. उशीर झाला की बोलणी खाल्ली, लवकर आलो की कुणाला पत्ता नाही. खड्ड्याबद्दल आभार मानणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. मला पुढचं धूसर दिसायला लागलं, मी वायपर लावले. खुसपट मागून ओरडली, "मामा, पाऊस कुठाय?" म्हटलं, "गप बस. काच घाण झालीय."

असो. प्रेमाचं सांगत होतो.

त्यांच्यात जोडीनं काम करायची एक रीत आहे. दोन माणसं, कॉम्प्युटर एक. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं बघायचं, थोड्या वेळानं अदलाबदल. मास्तर व्हायच्या आधी तीही तेच काम करायची. एकदा घुम्याचा जोडीदार आजारी पडला, तर ही म्हणाली, मी बसते. येता-जाता गाडीतही तेच. लॅपटॉप एक, गुडघे दोघांचे. आणि या जोडीच्या कामाची अट काय, तर डोक्यात जे चाललंय ते मोठ्यानं बोलायचं, म्हणजे दुसऱ्याला कळतं. आता आली का पंचाईत!

"काय विचार करतोयस? मोठ्यानं बोल."

"सगळं?"

"कामाचं."

"मग अर्धंच बोलता येईल."

ती बटणांकडं बघत राहिली, पण गालातलं हसू मला आरशात दिसलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "…आणि उरलेलं अर्धं?"

"ते अजून तयार नाही."

हे बघ, इथंच मेख होती. घुम्याची खोडच ती. अर्धवट काही दाखवायचं नाही. कामातही तेच. त्यांची पद्धत अशी, की थोडं करायचं आणि दवाखान्यातल्या सिस्टरांना नेऊन दाखवायचं. त्या नाक मुरडतात, हे असं नको म्हणतात, मग सुधारायचं, परत दाखवायचं. सगळं बांधून झाल्यावर दाखवलं आणि त्यांना नकोच असलं तर? सगळी मेहनत पाण्यात! मास्तरीण त्याला दर चार दिवसांनी सांगायची, "अरे, आहे तसं दाखव. कच्चं असू दे. मला कच्चं चालतं." तो मान हलवायचा, आणि लॅपटॉप आणखी आपल्याकडं वळवायचा.

तेवढ्यात त्याला मोठ्या ऑफिसाचं बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात, वरची जागा. पक्कं काय ते महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. मास्तरणीला आई नाही. बाबा आहेत, त्यांचे गुडघे गेलेले, जिने चढवत नाहीत. ती हे शहर सोडून हलणार नाही हे गाडीत सगळ्यांना ठाऊक. मग घुम्यानं काय केलं असेल?

गधड्यानं सगळं केलं! साहेबाला सांगितलं, मी बहुतेक जाणार नाही. तिच्या घराजवळ तळमजल्यावरचं घर बघितलं, बाबांच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून. घरमालकाला शब्द दिला. आईला सगळं सांगितलं. आई बिचारी भोळी, पोरगं एवढं बोललं याच्याच आनंदात हरखली आणि फळं घेऊन थेट तिच्या बाबांना भेटायला गेली. घर झालं, आई झाली, बाबा झाले, साहेब झाला. राहिलं कोण? जिच्यासाठी हे सगळं, ती!

मास्तरीण घरी आली, तर एक अनोळखी बाई आणि तिचे बाबा चहा पीत बसलेले, आणि कपाट कुठल्या भिंतीला ठेवायचं यावर दोघांचा वाद रंगलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीत चढली, तेव्हाच मी ओळखलं. इंजिन तापायच्या आधी काटा जसा सरकतो ना, तसं.

"घर बघितलंस?"

"…हो."

"तळमजला?"

"बाबांचे गुडघे—"

"माझ्या बाबांचे गुडघे तुला माहीत. माझ्या मनातलं माहीत आहे?"

घुम्या आपल्या बुटाकडं बघायला लागला.

"अरे, निदान एकदा विचारायचंस! मी हो म्हणेन, नाही म्हणेन, पण विचारायचंस तर. तुझी आई माझ्या बाबांना व्याही म्हणून गेली आणि मी आपली दारात पिशवी घेऊन उभी!"

"मला वाटलं… सगळं तयार झालं की सांगावं. म्हणजे तुला काही त्रास नको."

"सगळं तयार झालं की!" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "माझ्या आयुष्याचं सगळं तयार करून मला नुसती किल्ली देणार होतास? मी काय घरात ठेवायचं कपाट आहे?"

मागून खुसपट दबक्या आवाजात म्हणाली, "मामा, काचा वर घ्या."

"का गं?"

"शेजारच्या गाडीतले बघताहेत."

त्या दिवसापासून मास्तरीण पुढं माझ्या शेजारी बसायला लागली. कामापुरतं बोलायची, गोड बोलायची, पण नजर रस्त्यावर. एक दिवस तिनं मागं न बघताच सांगून टाकलं, "तू खुशाल जा त्या शहरात. चांगली संधी आहे." घुम्याचा चेहरा असा पडला, की मी त्या दिवशी आरसा जरा वाकडा केला. बघवेना.

संध्याकाळी सगळे उतरल्यावर मी त्याला धरलं. म्हटलं, "हे बघ, असं काहीतरी झकास कर, की पोरगी बघतच राहील. फुलांनी गाडी भर. मी हॉर्न वाजवतो, तू गुडघ्यावर बस—"

"नको मामा," तो म्हणाला. "मोठं केलं म्हणूनच तर बिघडलं." मग बराच वेळ दाराच्या कडीशी चाळा करत उभा राहिला. "ती रोज सांगत होती. थोडं दाखव, विचार, मग पुढं जा. मी कामातही ऐकलं नाही, आणि तिच्या बाबतीतही नाही. घरमालकाला मी कालच नाही म्हणून सांगितलंय. साहेबाला म्हटलं, अजून माझं ठरलेलं नाही. आता पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी मास्तरीण पुढच्या दाराशी आली, तर हा आधीच तिथं उभा.

"एक विचारू? एवढंसंच."

"विचार."

"आज मागं माझ्या शेजारी बसशील?"

"नाही."

"बरं." आणि गेला आपला मागं. ना रुसवा, ना तोंड पाडणं. तिलाच चुकल्यासारखं झालं. गाडी निम्म्या वाटेवर आली तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, हा परत का नाही विचारत?"

म्हटलं, "मला काय विचारतेस? मी इथं क्लच दाबायला आहे."

त्याच्या पुढच्या दिवशी पावसाची बारीक झड होती. गाडीतून ऑफिसच्या दारापर्यंत चालत जायला लागतं. "एवढंसंच विचारू? दारापर्यंत छत्री धरू का?"

"धर."

मी काच खाली करून बघत होतो. दारापाशी थांबून ती त्याला म्हणाली, "छत्री चांगली धरलीस. पण तू आहेस ताडमाड, वरून धरतोस, पाऊस तिरपा येतो. माझी ओढणी बघ."

"उद्या खाली धरतो."

"उद्या पाऊस असेल कशावरून?"

"नसला तरी धरतो."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. आणि हा छत्री धरून, कमरेत वाकून, तिच्या कानाच्या उंचीवर ती सांभाळत चाललाय! वॉचमन हसतोय, खुसपट हसतेय. मास्तरणीनं बरंच अंतर तोंड दाबून काढलं आणि मग तिथंच, रस्त्याच्या मधोमध, पोट धरून हसली. त्या दिवशी संध्याकाळी ती मागं बसली. न विचारता.

मग सुरूच झालं. तो एवढंसंच विचारायचा, ती एवढंसंच सांगायची. चालताना भरभर नको. गप्प राहिलास तर मला वाटतं मी चुकले. आईला घेऊन ये, पण या वेळी मला सांगून. एकदा तो बोलायला लागला तो थांबेचना, लहानपणच्या सायकलची हकिकत संपता संपेना. खुसपट म्हणाली, "मास्तरीणबाई, याचं बटण कुठंय? आम्ही म्हणतो, घुम्याच बरा होता." मास्तरीण म्हणाली, "असू दे गं. बुजलेला झरा आहे, आधी गढूळच येणार."

एका रविवारी त्यानं विचारलं, "एक दुसरं घर आहे. नुसतं बघायला येशील? नको म्हणालीस तर नको." ती गेली. बाबांना मीच नेलं गाडीतून. तिनं घरभर फिरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून सांगितलं, "अंधार आहे. हे नको."

"बरं," म्हणून घुम्या आम्ही उभे होतो त्या दाराकडं वळला.

"पण… घर बघणं बंद करू नकोस," ती खिडकीच्या कडीशी बोलल्यासारखं बोलली. "पुढचं बघायला मीही येईन."

बाबा माझ्या कानात म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, हे हो आहे की नाही?"

म्हटलं, "साहेब, पिवळा दिवा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवू या."

आणि आला तो शुक्रवार. त्याला साहेबाला शेवटचं सांगायचं होतं, संध्याकाळपर्यंत. दिवसभरात त्यानं सांगितलं नव्हतं. परतताना मोठ्या चौकात आम्ही अडकलो, गाडी जागची हलेना. थँक्यूची फेरी सुरू झाली. खुसपटनं कुणाला तरी म्हटलं, बाकीच्यांनी म्हटलं. घुम्याची पाळी आली. हातात फोन, त्यावर साहेबाचा नंबर.

"मी मास्तरणीला थँक्यू म्हणतो," तो म्हणाला. "तिनं मला नाही म्हटलं. मला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण मी कुणाला काही विचारायचोच नाही. आता विचारतो… त्या शहराचं. मी जाऊ, की थांबू? मी ठरवलेलं नाही. तूच ठरव असंही म्हणत नाही. आपण दोघांनी बोलू या का? एवढंसंच."

मी रेडिओ कधी बंद केला तेही आठवत नाही.

"माझी पाळी," मास्तरीण म्हणाली. "मी घुम्याला थँक्यू म्हणते. रोज विचारल्याबद्दल. मी नाही म्हटल्यावर 'बरं' म्हटल्याबद्दल. आई गेल्यापासून घरातलं सगळं मीच ठरवते रे, सगळे माझ्याकडूनच उत्तरं मागतात… मला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं. आता मी एक विचारू? एवढंसं नाहीये."

"विचार."

"बाबा आणि मी, आम्ही दोघं आहोत. मी एकटी येणार नाही. मला रोज बोलायला लागतं. सकाळी चिडचिड करते. अंधारं स्वयंपाकघर चालत नाही. हे सगळं असं… कच्चंच आहे. याच्यासकट—" आणि ती थांबली. शब्दच संपले तिचे. बोलक्या माणसाचे शब्द संपले ना, की जीव थोडा थोडा होतो बघणाऱ्याचा.

"हो," घुम्या म्हणाला.

"अरे, मला प्रश्न तर पुरा करू दे!"

"कर. उत्तर तेच आहे."

तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला, हात मात्र सोडला नाही. "साहेबाला कळव मग. काय कळवायचं ते ठरलं ना आपलं?"

"ठरलं. आपलं."

मागं हॉर्नवर हॉर्न. सिग्नल केव्हाचा सुटला होता, लोक मला शिव्या घालत होते, आणि मी आरशात बघत बसलो होतो. खुसपट रडत रडत म्हणाली, "मामा, चला ना, मार खाल!" म्हटलं, "खाऊ दे. आज खातो."

तर अशी ती गोष्ट. पुढं त्यांनी मिळून घर घेतलं, इथंच, उजेडाचं. दोन्हीकडची मोठी माणसं अजूनही कपाटावरून भांडतात, आता हक्कानं.

परवा उतरता उतरता दोघंही माझ्या दाराशी आली. आधी वाटलं, काहीतरी विसरलं असेल. मास्तरीण म्हणाली, "मामा, एक विचारायचंय. सोमवारी नोंदणी आहे लग्नाची. मुलीकडून साक्षीदार म्हणून तुम्ही सही कराल? नाही म्हणालात तरी चालेल." अरे, नाही कसला म्हणतोय! माझी सही म्हणजे वाकडीतिकडी, पोस्टात आणि बँकेत तेवढी केलेली. ती सही या दोघांच्या लग्नाला लागणार. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर तिनं माझा सदरा धुऊन, इस्त्री करून टांगलासुद्धा.

पण दोस्ता, अडचण अशी, की सोमवारी सगळी टीम, बाबा, घुम्याची आई, सगळे याच गाडीतून जाणार. आणि मी स्टेअरिंगवर बसलो की सगळं आरशातूनच बघणार, नेहमीसारखं. त्या एका दिवशी मला मागं बसायचंय रे, माझ्या माणसांत. तुझी सोमवारी सुट्टी आहे ना? तेवढी सकाळ माझी गाडी तू चालवशील का?